अण्णाच्या मापाचा कोट

कुवेंपुनगरातल्या एका टूर एजंटनं मला फसवलं, आणि मी माझ्या सरोजा वैनीला फसवलं. दोन्ही गोष्टी आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं कोणी मला शहाणपण शिकवायला नको. एजंटचं नाव लिहीत नाही. तो हे सदर वाचतो, त्याला कळेल.

मी अशा गोष्टी मानणारा माणूस नाही. आम्ही म्हैसूरचे जुने मराठी शिंपी. एका सेकंडहँड मशीनवर सुरुवात करून मी दोन दुकानं उभी केली आहेत. गिऱ्हाईक, व्यापारी, घरमालक – सगळ्यांशी भांडून. जी वस्तू हातात घेऊन उलटीसुलटी करून बघता येत नाही, तिचा मी भावही विचारत नाही. पण हा कोट मी हातात घेतला, उलटासुलटा केला... आणि म्हणूनच लिहितोय.

माझा थोरला भाऊ पांडुरंग, आमचा अण्णा. माझ्या दुकानात तो कटिंग मास्टर होता. मालक मी, पण शहाण्या गिऱ्हाइकाला अण्णाच लागायचा. धिप्पाड माणूस, लांब हात, आणि डावखुरा. कोट बेतायचा अण्णा, शिवायचा अण्णा, आणि काजं मात्र सरोजा वैनी करायची – हिनकलच्या घरी, खिडकीत बसून, हातानं. अण्णाचा एकही कोट तिच्या काजांशिवाय दुकानाबाहेर गेलेला मला आठवत नाही.

कटिंगच्या टेबलावर एक जुनं कॅलेंडर होतं, कोणा गिऱ्हाइकानं अमेरिकेहून आणलेलं. वर्ष संपलं तरी अण्णानं ते पान काढलं नाही. निळ्या बर्फाचा डोंगर, पुढं पाणी. खाली लिहिलेलं – अलास्का.

“एकदा जाऊन बघायचं रे,” तो म्हणायचा.

शेवटी गेल्या वर्षी मी बुकिंग केलं. बोटीची सफर, आम्ही दोघं भाऊ. वैनीला पाण्याची भीती, ती नको म्हणाली. अण्णाची एकच अट – खोलीला खिडकी पाहिजे. “आहे सार, मोठी खिडकी,” एजंट म्हणाला. अण्णा त्याच आठवड्यात जाड लोकरीचं कापड घेऊन आला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी कोट बेतला.

जानेवारीत तो गेला. दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या. हातात खडू होता.

एजंट म्हणाला, तिकीट रद्द होत नाही, पण नाव बदलता येतं. “अण्णांचं नाव काढून तुमच्या मिसेसचं घालतो. आयतु सार, झालंच समजा, काळजी सोडा.” मी सोडली.

आता कोटाचं. आमच्या घरात एक रीत आहे. माणूस गेला आणि त्याच्यासाठी बेतलेला कपडा अर्धवट राहिला, तर तो त्याच्याच मापानं पुरा करायचा आणि त्या अंगाच्या माणसाला देऊन टाकायचा. दुसऱ्याच्या मापाला आणायचा नाही. तेराव्यानंतर वैनीनं कोट माझ्या हातात दिला. कच्च्या टाक्यांनी जोडलेला, कॉलर लावायची राहिलेली. म्हणाली, “पुरा कर आणि काजांना माझ्याकडे घेऊन ये. मग बघू कोणाला द्यायचा.”

मी तो तिच्याकडे नेलाच नाही. एवढं कापड, आणि मी जाणार थंडीत... दोन्ही बाजूंनी आत घेतला, बाह्या दोन इंच आत मुडपल्या, कॉलर लावली. कापड मात्र कुठं कापलं नाही. जास्तीचं आत तसंच ठेवायची माझी सवय आहे, उद्या गिऱ्हाईक जाड झालं तर? कापली ती फक्त काजं. पुढची तीन, मशीनवर. वैनीला सांगितलं, “सोसलेच्या मठात एक धिप्पाड स्वयंपाकी आहे, त्याला गरज होती. घाईत देऊन टाकला.” ती एवढंच म्हणाली, “काजं?” मी म्हणालो, “मशीनवर मारली वैनी. त्याला काय कळतंय.”

जूनमध्ये मी आणि बायको पद्मा व्हँकुव्हरला पोचलो. बंदरावर विमानतळासारखीच रांग. बॅगा आधीच आत गेलेल्या. काउंटरच्या मुलीनं पासपोर्ट घेतले, स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, “तिसरे गेस्ट कुठे आहेत?”

“कोण तिसरे?”

तिनं अण्णाचं नाव वाचलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

माझं डोकं सटकलं. त्या एजंटनं नाव काढलंच नव्हतं, पद्माचं वर चिकटवलं होतं! मी तिथंच आवाज चढवला. पद्मा बाही ओढत होती – “अहो, सुम्ने रहा, गप्प. ती बिचारी काय करणार?” मी सांगितलं, माझा भाऊ वारला आहे. ती मुलगी सॉरी म्हणाली, काहीतरी टाइप केलं, आणि आम्हाला दोन कार्डं दिली. पुढं एक फोटोग्राफर प्रत्येकाला बोटीच्या चित्रासमोर उभा करून फोटो काढत होता. माझ्या अंगात तोच कोट होता. मी अगदी रागातच उभा राहिलो.

खोली गाठली तर खिडकी नाही! जिथं खिडकी असायला हवी तिथं भिंत, भिंतीवर पडदा, पडद्यामागं आरसा. दिवा मालवला की भर दुपारी काळोख.

“अण्णाला नसतं आवडलं,” पद्मा म्हणाली.

जेवून आलो तर छताजवळची तिसरी बर्थ खाली ओढलेली, पांढरी चादर, उशी, उशीवर चॉकलेट. आमच्या खोलीचा नोकर जोएल, फिलिपिन्सचा. त्यानं कागद दाखवला – तीन गेस्ट. मी बर्थ वर करायला लावली. सकाळी आम्ही नाश्त्याला गेलो, परत आलो तर बर्थ पुन्हा खाली. त्याच्या कागदावर पुन्हा तीन.

“होगली बिडी,” पद्मा म्हणाली. “राहू दे ती खाली. आपल्याला अडचण होते का?”

बर्थवर कोणी झोपल्याची खूण कधीच नव्हती, हेही लिहितो. मला वाढवून सांगायचं नाही.

तो दुसरा दिवस, बोट दिवसभर समुद्रातच होती. डेकवर जायला म्हणून मी कोट चढवला, आणि बोटं दिसेनात. बाह्या पुढं आल्या होत्या. काढून बघितलं. दोन इंचांचा मुडप उघडलेला. माझी शिलाई सुटली असेल म्हणावं, तर बाहीच्या कडेला पांढऱ्या दोऱ्याचा कच्चा टाका होता, नवा. प्रत्येक शिंप्याचा हात टाक्यात दिसतो. उजव्या हाताचा टाका एकीकडे झुकतो, डावखुऱ्याचा दुसरीकडे. हा दुसरीकडे झुकलेला होता.

मी पद्माला काही बोललो नाही. सुईदोरा बरोबर असतोच. खोलीत बसून दोन्ही बाह्या पुन्हा आत घेतल्या, काळ्या दोऱ्यानं, एकावर एक टाका चढवून. उसवायला ब्लेडच लागावं अशा.

दुपारी फोटो लावलेली गॅलरी बघायला गेलो. विकत घ्यायचा नव्हताच; एका फोटोला काय भाव सांगतात ते ऐकून फक्त हसायचं होतं. आमचा फोटो दिसला. पद्मा हसतेय, मी कपाळाला आठ्या घालून उभा, आणि माझ्या कोटाच्या बाह्या बोटांच्या टोकापर्यंत. काउंटरवर त्याच हातांनी मी पासपोर्ट दिले होते, घड्याळ बघितलं होतं. बाह्या तेव्हा मनगटावर होत्या. होत्याच!

मी तो फोटो घासाघीस न करता घेतला. पद्मा माझ्याकडे बघतच राहिली. “बरं आहे ना तुम्हाला?”

तिसऱ्या दिवशी सकाळी बाह्या पुन्हा उघडलेल्या. आता दोन्ही बाजूही सोडलेल्या. आणि माझा तो काळा दोरा कुठं तुटलेला नाही, फेकलेला नाही – खिशात एका टूथपिकवर नीट गुंडाळून ठेवलेला. अण्णा उसवलेला दोरा कधी टाकायचा नाही. काडेपेटीच्या काडीवर गुंडाळून खिशात ठेवायचा. त्यावरून मी त्याला आयुष्यभर हसलो होतो... “अरे, त्या दोऱ्यावर बंगला बांधणार आहेस का?”

आता मी पद्माला सगळं सांगितलं. सोसलेचा स्वयंपाकी खोटा, हेही. तिनं वरच्या बर्थकडे बघितलं.

“भिऊ नको,” मी म्हणालो.

“भिऊ कशाला? अण्णाच आहे ना,” ती म्हणाली. “वैनीला फोन करा. खरं सांगा.”

त्या दिवशी बोट केचिकन नावाच्या गावाला लागली होती. रिमझिम पाऊस, लाकडी रस्ते. मी फोन लावला तेव्हा म्हैसूरला सकाळचे सहा झाले होते. वैनी उठलेलीच होती.

“बर्फ दिसलं का रे?”

“अजून नाही वैनी. उद्या.”

“थंडी असेल. अंगात काय घातलंयस?”

अंगात कोट होता. बाह्या दुमडून वर केलेल्या. पद्मा माझ्या तोंडाकडे बघत होती.

“स्वेटर,” मी म्हणालो.

“बरं. सांभाळून रहा.”

चौथ्या दिवशी सकाळी बोट हिमनदीच्या समोर जाऊन थांबली. सगळी बोट डेकवर पळाली. मी कोट घ्यायला हात घातला, आणि आतलं अस्तर गरम होतं. एसीनं खोली गार पडलेली, हँगर गार, आणि कोट – कोणीतरी आत्ताच अंगातून काढून टांगावा तसा. मी तो दिव्याखाली धरला. पुढची तीन काजं नव्हती.

नीट वाचा. शिलाई कोणीही उसवतो. जोएल उसवेल. झोपेत उठून मीही उसवीन. मग तो डावखुरा टाका माझ्या उजव्या हातातून कसा आला ते मला सांगता येणार नाही, पण ते सोडा. कापलेलं कापड मात्र कोणाला जुळवता येत नाही. रफू दिसतो, पॅच दिसतो. मी भिंग लावून बघितलं. तिन्ही ठिकाणी लोकर सलग होती, आणि तिच्यावर खडूच्या तीन आडव्या खुणा. काजं कुठं करायची त्याच्या. बाकी कोट पुरा. अण्णाच्या मापाला, टाका न् टाका.

मी तो अंगात घातला नाही. डेकवर नेला, एका रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर पसरला, तोंड बर्फाकडे करून. कॅलेंडरमधला डोंगर समोर होता, त्याहून निळा. एक मोठा कडा सुटून पाण्यात पडला, आवाज नंतर आला. माणसं ओरडली, टाळ्या वाजवल्या. बोट वळेपर्यंत आम्ही दोघं त्या खुर्चीच्या शेजारी उभे राहिलो. एका बाईनं विचारलं, “इथं कोणी बसलंय का?” पद्मा म्हणाली, “हो.”

त्यानंतर काही झालं नाही. जोएलच्या कागदावर दोन गेस्ट आले, बर्थ वर गेली. विचारलं तर म्हणाला, ऑफिसनं दुरुस्ती केली असेल.

म्हैसूरला उतरल्यावर घरी न जाता टॅक्सी हिनकलला घेतली. कोट वैनीच्या मांडीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. ती मध्ये एकदाच बोलली – “सोसलेला असा स्वयंपाकी नाही, ते मला त्याच आठवड्यात कळलं होतं. तू कधी सांगतोस ते बघत होते.” मग तिनं बाही उलटी करून टाक्यावरून अंगठा फिरवला. पुढची बाजू उजेडात धरली. खडूच्या खुणांपाशी हात थांबला.

“काजं माझ्यासाठी ठेवली,” ती म्हणाली, आणि सुईत दोरा ओवायला लागली.

काजं झाली आहेत. कोट तिच्याकडे टांगलेला आहे. त्या अंगाचा माणूस आम्ही शोधतोय.

एजंटकडे जाऊन आलो. तो शपथेवर सांगतो की नाव त्यानं फेब्रुवारीतच काढलं होतं. बोटीच्या कंपनीचा ईमेलही दाखवला – दोन नावं, माझं आणि पद्माचं. मग काउंटरच्या त्या मुलीनं तिसरं नाव कुठून वाचलं, हे त्याला माहीत नाही, मलाही नाही. खिडकीचा जबाब त्याला द्यावा लागेल. ते भांडण मी सोडलेलं नाही.

पण खरा जबाब मला दुसऱ्याकडून पाहिजे. अण्णा, कोट तू सरळ केलास, मान्य. माझी चूक होती. वैनीसाठी काजं ठेवलीस. बर्फ बघितलंस. आणि मी? तीन रात्री मी तुझ्या खालच्या बर्थवर झोपत होतो, हाताच्या अंतरावर. रागावला होतास तर शिव्या द्यायच्या, दुकानात देत होतास तशा. एक शब्द नाही बोललास माझ्याशी. का? ह्याचा जबाब दे.