मामांच्या पपईवरचा आळ

फळांवर माझ्या बायकोच्या मामांइतकी निष्ठा असलेला माणूस अख्ख्या रायपुरात दुसरा झाला नसेल. रेल्वेतून निवृत्त झालेले, काटकुळे मामा पिशवी घेऊन निघाले, की पुरानी बस्तीतल्या आजारी माणसाला तापापेक्षा त्यांचीच धास्ती वाटे. पंख्याखाली बसायच्या आधी पिशवीतून पेरू, म्हणजे आमच्याकडचा जांब, बाहेर यायचा. "बियांसकट खा. पोट साफ राहते." डोळ्यांना पपई, दमलेल्याला केळं, बदली झालेल्यालासुद्धा काहीतरी असेच. त्या घरची सून मोसंबीचा रस गाळू लागली, की मामा कळवळत, "चोथा फेकून राहिली? अवं पोट्टी, सारं फायबर गेलं ना!" सून म्हणायची, "मामाजी, दाँत तो बचे नहीं आपके, चबाएगा कौन?" नागपूरच्या पाहुण्यांना ते हमखास ऐकवत, "संत्र्याचा एवढा गर्व काहून करता? आमच्या जांबात त्याच्याहून जास्त व्हिटॅमिन सी असते." पाहुणे दुखावले, की त्यांनाच चार जांब बांधून देत.

माझ्या मेव्हणीच्या साखरपुड्याला असेच नागपूरचे पाहुणे आले होते. मे महिना. मामा सकाळपासून परातभर पपई कापत होते, प्रत्येक फळाची पहिली फोड स्वतः चाखून. मी घरातला नवा जावई. माझ्याकडे रबडी आणायचं काम होतं. ती घेतली आणि पंडरीच्या कापडबाजारात सुटाचं कापड बघायला थांबलो. दोन तास डबा स्कूटरच्या डिकीत उन्हात. घरी येऊन उघडला, तर आंबूस वास. मी वेलदोड्याची पूड आणि साखर ढकलली आणि रबडी वाढायला दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पाहुण्यांची संडासापुढे रांग. नवऱ्या मुलाची आई कण्हत म्हणाली, "तुमच्या मामाच्या पपईनं घात केला हो!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परात घासायला घेतली.

लग्न पार पडलं. पण "मामाजी, पपीता मत लाना" हे आमच्या घरात हसण्याचं वाक्य होऊन बसलं. मामाही हसत. फक्त त्यानंतर ते कार्याला रिकाम्या हातांनी येऊ लागले, आणि त्या हातांचं काय करावं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

तीसेक वर्षांनी ते अंथरुणाला खिळले, तेव्हा मी धीर करून म्हटलं, "मामा, ती रबडी नासली होती. मले माहीत होतं."

"मलेही माहीत होतं, जावईबापू. पपई त मी पोटभर खाल्ली होती. मले काय झालं?"

"मग बोलले काहून नाही?"

"नव्या जावयाचं नाव घेतलं असतं, त माझ्या भाचीले जन्मभर ऐकावं लागलं असतं. पपईले कोणतं सासर आहे?"

मी सगळ्यांना सांगतो म्हटलं, तर म्हणाले, "राहू द्या. आता या वयात तुमाले हसतील."

मामा गेले, त्यालाही आता पंधरा-वीस वर्षं झाली. परवा नवा रायपूरमध्ये नातीच्या लग्नात फळांच्या टेबलापाशी कुणीतरी तेच वाक्य म्हणालं, आणि ज्यांनी मामांना कधी पाहिलंही नव्हतं, तेही हसले. मी उठून खरं काय ते सांगितलं. डीजे वाजत होता. नातवानं "हव नाना, हव" असं हो ला हो करत मला परत खुर्चीवर बसवलं.

म्हणून लिहून ठेवतो. मामांची पपई चांगली होती. त्या दिवशी मी रबडीला बोट लावलं नाही, पपईच खाल्ली.