पुडीतलं मीठ, आगरातलं मीठ

आमच्या मामंजींची मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त गेली आहेत, असं पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं. "पुडीबाटलीतलं खारट सगळं बंद. सहा आठवड्यांनी रक्त तपासू. आकडा वाढला तर मशीन लावावी लागेल, आठवड्यातून तीनदा."

मी नमिता, त्यांची थोरली सून. वडखळच्या बाजारात बाटल्यांवरचं बारीक छापलेलं वाचायला लागले आणि मला शिसारी आली. सॉस, शेजवान चटणी, चाट मसाला, लोणचं, सगळ्यात मीठच मीठ. घरच्या कोकमाच्या आगळातही मूठमूठ मीठ. रोह्याच्या नणंदेने, ऋतुजाने, मोठ्या कौतुकाने कमी सोडियमचं मीठ पाठवलं. डॉक्टर म्हणाले, यात पोटॅशियम आहे, बाबांना हे साध्या मिठाहून वाईट. पुडी उकिरड्यावर गेली. उरलं काय, तर लिंबू, लसूण, जिरं, मिरी. तेच वाटून मी मामंजींच्या ताटात चटणी वाढायची.

"काय गो, हे खायाचं हाय का अंगाला लावायचं?" ते विचारायचे.

मामंजी म्हणजे जनू. तीस वर्षं खाडीकाठच्या मिठागरात राबलेला माणूस. पायाच्या भेगा अजून भरल्या नाहीत. तोंड वाकडं करायचे, पण ताट स्वच्छ करायचे. मला वाटायचं, चला, ऐकतायत.

सहा आठवड्यांनी आकडा वाढला. डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच विष घालते आहे. जीव नकोसा झाला.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी दाराआड उभी राहिले. मामंजींनी बनियनच्या खिशातून कागदाची पुडी काढली, चिमूटभर जाडं करडं मीठ आमटीत टाकलं आणि बोटाने ढवळलं. सासूबाई, काशीबाई, शेजारी बसून बघत होत्या.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, लाज नाय वाटत? मी इथं मरमर मरतेय."

"डाक्टरनी पुडीबाटलीतलं बंद केलंय," ते शांतपणे म्हणाले. "ते मी शिवलोबी नाय. हे आगरातलं हाय."

"आपल्या आगरातल्यानं कुणाला काय होतंय गो," सासूबाई म्हणाल्या.

दोघंही खोटं बोलत नव्हती. त्याचाच मला जास्त संताप आला. ती पुडी घेऊन मी मामंजींना तसंच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दोन खडे बोटात चुरडले. "आजोबा, मीठ ते मीठ. दुकानातलं आणि हे, किडनीला दोन्ही सारखंच."

"सारखंच?" मामंजींनी विचारलं.

"सारखंच."

आम्ही रिक्षाने परतलो. घरी मी ताट वाढलं. बनियनचा खिसा रिकामा होता, मी पाहिला. त्यांनी लिंबू आमटीत पिळलं, कालवलं आणि एकेक घास गिळत राहिले. तोंड वाकडं केलं नाही की मला टोमणा मारला नाही.

त्यांनी ऐकावं म्हणून मी सहा आठवडे चटण्या वाटल्या होत्या. ऐकलं, तेव्हा मी माझं ताट बाजूला सारलं. ज्या मिठात त्यांची तीस वर्षं गेली, ते दुकानातल्यासारखंच, हे ऐकवायला त्यांना मीच नेलं होतं; स्वतःचीच किळस आली.