गुठळ्या ठेवलेलं पीठ

बाबांनी जन्मात कधी चहासुद्धा केला नव्हता. त्यामुळे त्या रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर ते सदऱ्याच्या बाह्या वर सारून ओट्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "आज भजी मी करणार. जपानी भजी," तेव्हा आई हातातलं फडकं तसंच धरून त्यांच्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "बघ गं, ह्यांना ताप-बिप आहे का."

ताप नव्हता. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सोमवारी त्यांना कारखान्यातल्या साहेबाला उत्तर द्यायचं होतं, की जपानला परत जाणार की नाही. या खेपेला सहा महिने नाही, चांगली दोन वर्षं. आई नाही म्हणून बसली होती, आणि एकदा ती नाही म्हणाली की देव जरी खाली उतरला तरी आधी त्यालाच दोन शब्द ऐकावे लागले असते.

आम्ही तेव्हा विक्रोळीला कारखान्याच्याच वसाहतीत राहायचो. तिसरा मजला, दोन खोल्या, आणि मागच्या गॅलरीतून खाडीकडची तिवरं दिसायची. मी अकरावीत होते. बाबा फिटर. एक मोठं जपानी मशीन कारखान्यात येणार होतं आणि ते शिकून घ्यायला आदल्या वर्षी त्यांना तिकडे पाठवलं होतं. आमच्या बिल्डिंगमधून विमानात बसलेला पहिला माणूस! निरोप द्यायला एवढी माणसं आली, की पोलिसांना वाटलं कोणी पुढारी चाललाय.

आई मात्र घाबरली होती. आम्ही कोकणातले, मालवणकडचे. तिने निघायच्या दिवशी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, आणि त्यात बाबांना न विचारताच बोलून मोकळी झाली, की हे सुखरूप परत येईपर्यंत मासे-मटण-अंडं तोंडात घालणार नाहीत. बाबांनी तिच्याकडे असं बघितलं, पण देवापुढे बोललेलं परत कसं घेणार? ज्या माणसाला सोमवार संपून मंगळवार कधी उजाडतो आणि ताटात बांगडा कधी पडतो असं व्हायचं, तो माणूस निघाला जिथे माणसं सकाळ-संध्याकाळ मासेच खातात तिथे, आणि वर शाकाहाराची शपथ. असला घोटाळा आमच्याच घरात होऊ शकतो.

सहा महिन्यांतले पाच बाबांनी भात आणि मीठ खाल्लं. आमटी म्हणून जे मिळायचं त्यात मासा, चटणीत मासा, साध्या भाजीच्या पाण्यालासुद्धा माशाचा वास. शपथ मोडली असती तर इथे कोणाला कळणार होतं? पण नाही मोडली. इकडे आई दर सोमवारी आम्हाला देवापुढे उभी करायची आणि म्हणायची, "बा देवा म्हाराजा, तुझा लेकरू परमुलखात गेला हा, तेका जसा गेला तसा परत हाड रे म्हाराजा!" आणि मी म्हणायचं, "व्हय म्हाराजा." हाड म्हणजे आण, आणि गाऱ्हाण्याची आमच्याकडची रीतच आहे ती. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. मला त्या होकाराचा राग यायचा. तू जाऊ दिलंस कशाला आणि आता मागतेस कशाला, असं वाटायचं.

विमानतळावर बाबा बाहेर आले तेव्हा आईने त्यांना आधी ओळखलंच नाही. नुसती हाडं आणि त्यावर कोट. ती रडली नाही, भांडायला लागली. "जसा गेला तसा म्हटलं होतं मी!" ती त्या गर्दीत देवाला उद्देशून म्हणाली. बाबांनी तिच्यासाठी एक थर्मास आणला होता, फुलाफुलांचा. तो तिने शोकेसमध्ये ठेवला आणि कुलूप लावलं. चहा त्यात एकदाही भरला नाही. पुन्हा ह्यांना जाऊ देणार नाही, हे तिने त्याच दिवशी ठरवलं असणार.

आणि आता परत बोलावणं आलं होतं.

आठवडाभर घरात कोणाचा पाय ठरत नव्हता. बाबा पहिल्या पाळीवरून आले की गॅलरीत फेऱ्या घालायचे, या टोकाकडून त्या टोकाकडे. आई घासलेली भांडी परत घासायला काढायची. मी पुस्तक उघडायची, मिटायची, पाणी प्यायची, परत उघडायची. दोघंही एकमेकांशी बोलत नव्हती, माझ्यामार्फत बोलत होती. "तुझ्या बाबांना विचार, डाळ वाढू का." "तुझ्या आईला सांग, पोट भरलंय." वैताग नुसता! मला बाबा जायला नको होते. स्पष्टच सांगते, नकोच होते. पण ते फेऱ्या घालताना त्यांचे हात बघितले, की तसं म्हणवायचं नाही. त्या मशीनचा कुठला तरी भाग हवेत फिरवून बघत असल्यासारखे त्यांचे हात चालायचे. इथे ते अठरा वर्षं एकाच बाकावर काम करत होते. तिकडे त्यांना कोणीतरी नवीन काहीतरी शिकवलं होतं, आणि ते त्यांच्या हातांतून जात नव्हतं.

तर त्या रविवारी बाबांनी भोपळी मिरची, वांगं, गाजर, रताळं असं सगळं बाजारातून स्वतः आणलं आणि कागदासारखं पातळ कापलं. वर गॅलरीतल्या डब्यातली ओव्याची पानंही खुडली.

"ह्याचं नाव टेंपुरा," ते मला म्हणाले, पण ऐकवत होते आईला. "शेवटच्या महिन्यात सापडलं मला. कँटीनमध्ये एक बाई होती. मी काही खात नाही हे तिने बघितलं. मग माझ्यापुरतं अंडं न घालता वेगळं पीठ भिजवायला लागली. मैदा आणि बर्फाचं पाणी, बस्स. मी तिच्यापाशी उभा राहून शिकलो. आता मी उपाशी राहणार नाही. स्वतःचं स्वतः करून खाईन."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते भजी नाही, अर्ज करत होते.

आईलाही कळलं. ती ओट्यापासून हलली नाही.

बर्फ तळमजल्यावरच्या काकूंकडून आणायचा होता, कारण फ्रिज तेवढा त्यांच्याकडे होता. मी पातेलीत घेऊन आले तोवर तीन मजले चढता चढता अर्ध्याचं पाणी झालं. बाबांनी ते गार पाणी पातेल्यात ओतलं, त्यात मैदा टाकला आणि तिकडून आणलेल्या जेवायच्या दोन काड्यांनी चार वेळा इकडून तिकडे केला, न केल्यासारखा. पातेल्यात नुसत्या गुठळ्या. वर कोरडं पीठ तरंगतंय. आईचा जीव खालीवर झाला. तिच्या माहेरी पिठात गुठळी राहिली तर पोरीच्या हातावर पळी बसायची. लग्नात, सत्यनारायणाला, सगळ्या बिल्डिंगची भजी आईच्या हातची. पीठ एकाच दिशेने फेटायचं, थेंब पाण्यात टाकला तर तरंगला पाहिजे, तिथवर फेटायचं.

"अहो, फेटा की जरा," ती न राहवून बोललीच. आठवड्यातलं तिचं त्यांच्याशी पहिलं वाक्य.

"नाही. फेटायचं नाही. फेटलं की मऊ पडतं. हीच तर गंमत आहे."

"कसली डोंबलाची गंमत!"

तेल तापलं, पण तोवर पीठ कोमट झालं होतं. "गार पाहिजे, एकदम गार," असं म्हणत बाबा स्वतःच रिकामी पातेली घेऊन आणखी बर्फ आणायला खाली धावले. मी भाज्या पुसून कोरड्या करत बसले होते. मान वर केली तर आईच्या हातात पळी. पीठ फेटतेय. एकाच दिशेने, भराभर, खांद्यापासून. चिमूटभर सोडा पडलेला होता. मी "आई!" म्हणेपर्यंत कढईतलं पळीभर कडकडीत तेलही तिने पिठात ओतलं. चर्र झालं आणि पीठ असं लोण्यासारखं मऊ झालं.

"गुठळ्या होत्या गं," ती म्हणाली. "काकू वर येतील बघायला. सगळ्यांसमोर ह्यांची फजिती नको."

तिने मुद्दाम केलं नव्हतं. हे मी आजही देवाशपथ सांगेन. तिच्या नवऱ्याचं पीठ बिघडलं होतं आणि तिने ते सुधारलं. पण मी गप्प बसले ते मात्र मुद्दाम, कारण मला वाटलं, होऊ दे, बिघडू दे, मग जाणार नाहीत.

बाबांनी वरून बर्फाचे खडे टाकले, काड्या बुडवल्या आणि थांबले. एकदा आईकडे बघितलं. मग मुकाट्याने तळायला लागले. पुरीसारखी टम्म फुगली सगळी. काकू खरंच वर आल्या, त्यांच्या मागून आणखी दोघी. "अय्या, भाऊ, झकास झालीत की! जपानची भजी पण आपल्यासारखीच असतात वाटतं!"

"हो," बाबा म्हणाले. "आपल्यासारखीच."

बायका गेल्या. बाबांनी एकच भजं उचललं, दाबलं. मऊ होतं. खाल्लं, हात धुतले, आणि आईला म्हणाले, "जित्याची खोड, दुसरं काय. असू दे. साहेबाला उद्या नाही सांगतो." रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. हसून म्हणाले, आणि गॅलरीत जाऊन बसले. फेऱ्यासुद्धा घातल्या नाहीत. हात मांडीवर.

जिंकलो होतो आम्ही. आणि मी हातातलं भजं परत ताटात ठेवलं.

संध्याकाळी सगळी बिल्डिंग काकूंकडे टीव्हीवर पिक्चर बघायला गेली. आई नाही गेली. ती आतबाहेर करत होती. गॅलरीच्या दारात यायची, परत जायची. शेवटी उंबऱ्यातच उभी राहिली.

"ती कँटीनवाली," तिने विचारलं. "केवढी आहे?"

"सत्तरीची असेल. पाठीत वाकलेली."

"आणि गुठळ्या ठेवते?"

"ठेवते."

"कोणी काही बोलत नाही तिला?"

"लांबून लांबून येतात तिच्या हातचं खायला."

आईने खाडीकडे तोंड फिरवलं. "तुम्ही शिकलात तिच्याकडून," ती म्हणाली. "मला नाही शिकवलंत."

"तू शिकशील?" बाबा म्हणाले. त्यावर ती आत निघून गेली.

सकाळी मला तेलाच्या वासाने जाग आली. अजून नीट उजाडलं नव्हतं. आई ओट्यापाशी उभी होती, आणि तिच्या पुढ्यात तो फुलाफुलांचा थर्मास, उघडा. शोकेसचं कुलूप काढलेलं. पिक्चर सुटल्यावर तिने काकूंकडून बर्फ आणून त्यात भरून ठेवला होता, आणि तो अजून खळखळत होता. तिने मैद्यात गार पाणी ओतलं आणि बाबांच्या त्या दोन काड्या हातात धरल्या. एकदा फिरवल्या, दोनदा फिरवल्या. गुठळ्या दिसत होत्या. तिचा हात परत पिठाकडे गेला. मी बघत होते. मग तिने काड्या खाली ठेवल्या आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी राहिली, शाळेत शिक्षा झाल्यासारखी.

"तूच सोड तेलात," ती मला म्हणाली. "माझा हात मध्ये जाईल."

मी सोडत गेले. बाबा पहिल्या पाळीचे कपडे घालून बाहेर आले आणि तसेच थबकले. ताटलीत भोपळी मिरचीची चकती होती, खडबडीत, काचेसारखी पातळ. त्यांनी उचलली आणि चावली. कुर्रकन आवाज झाला. एवढ्याशा खोलीत केवढा मोठा वाटला तो. बाबा माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होते. डोळे भरून आले होते त्यांचे.

"गुठळ्या मोडल्या नाहीत मी," आई म्हणाली. "जावा तुमी. पण मासे खावा तिकडे. ह्या खेपेक तुमच्या खाण्याचा मी देवाक काय बोलूचंय नाय."

तेवढं म्हणून तिने एक भजं बशीत घेतलं, देवापुढे ठेवलं, पदर डोक्यावर ओढला आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा, तुझा लेकरू परमुलखात जाता हा. पोटभर खावन, जसा जाता तसा परत हाड रे म्हाराजा."

तिचं मागणं झालं. कोणीतरी होकार भरायला हवा होता. बाबांचं तोंड भरलेलं होतं. आई हात जोडून तशीच थांबली. मला ते जायला नको होते. कढईखालचा गॅस मी बारीक केला.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.