दौलतकाकाचा गुळाचा डबा

शेलार गावचा दौलतकाका म्हणजे लूमवरचा जुना जॉबर, कापडाचे माग दुरुस्त करणारा मिस्त्री. बिघडलेला लूम नुसत्या आवाजावरून ओळखायचा. स्वतःच्या छातीतला आवाज मात्र पंधरा वर्षं त्याच्या कानावर गेला नाही, आता बोला! खिशात बिडीचं बंडल आणि पिशवीत गुळाचा डबा, असा हा गडी. शिफ्ट सुटली की लूमच्या शेडच्या दारात उभा राहून प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. गुळाने छातीतली कापसाची धूळ उतरते, ही लूमवाल्यांची श्रद्धा, आणि काकाची तर सगळ्यांत पक्की.

मग दम लागायला लागला. चार पायऱ्या चढल्या की माणूस कठडा धरून उभा. दवाखान्यात सांगितलं, फुप्फुसाचा जुना आजार आहे, बिडी सोडा. काकाने मान डोलावली आणि बाहेर येऊन बिडी पेटवली. त्यातच काल्हेरच्या गोदामात कामाला असलेला त्याचा भाचा, भाविक, व्हिटॅमिनच्या गोळ्यांच्या बाटल्या घेऊन आला. केशरी, गुबगुबीत गोळ्या. छातीला चांगल्या म्हणाला. काकाचं डोकं लगेच चाललं: धुळीला गूळ, तर धुराला गोळी! रोज दोन घ्यायच्या आणि निर्धास्त ओढायची. बरं, एकटा खाईल तो दौलतकाका कसला? शेडमधल्या बिडीच्या चौघा जुन्या सोबत्यांना गुळाबरोबर रोज एकेक गोळी सुरू झाली. तीन महिने चाललं हे पुण्य.

परवा काका दवाखान्यात रक्ताचा रिपोर्ट दाखवायला गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ड जीवनसत्त्व फारच कमी आहे, सगळा जन्म शेडमध्ये काढलात तर ऊन कुठून लागणार, ते भरून काढू. आणखी काही घेता का, असं विचारल्यावर काकाने मोठ्या ऐटीत बाटली टेबलावर ठेवली. बाईंनी लेबल वाचलं. पुन्हा वाचलं.

"काका, गाजरात असतं तेच हे. गाजर खुशाल खा. पण बिडी ओढणाऱ्याने त्याच्या एवढ्या जास्त ताकदीच्या गोळ्या रोज घेतल्या तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कमी होत नाही, उलट वाढतो. आजपासून बंद."

काकाच्या तोंडचं पाणी पळालं. स्वतःचं काय व्हायचं ते होवो, त्याला ते चार पुढे आलेले हात दिसले.

"मंग मी त्या चौघांना काय चारत व्हतो, बाय?"

रिक्षा करून तो थेट शेडवर आला. शिफ्ट सुटतच होती. भिंतीला टेकून, दम खात त्याने चौघांना सगळं सांगितलं. तिघांनी ऐकून घेतलं, एकाने तर त्यालाच पाणी आणून दिलं. चौथा तौहीद, सत्तावीस वर्षांचा, घरी दोन लहान पोरी.

"काका, रमजानमध्ये मी बिडी सोडली होती," तो म्हणाला. "तुमची गोळी मिळाली, म्हणून परत धरली."

तेवढ्यात बाकीचे शिफ्टवाले बाहेर आले आणि रोजच्या सवयीने हात पुढे करून उभे राहिले. काकाने डबा उघडला, पण हात काही आत जाईना.