पाठमोऱ्या बायका

माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं, की कतारच्या वाळवंटातसुद्धा मला सगळीकडे पाणी मुरताना दिसतं. असेल. अल दुहैलच्या एका मुलींच्या शाळेत मी चित्रकला शिकवते, आणि दहावीतल्या एका कतारी मुलीनं लग्नाचं चित्र काढलं तेव्हाही मला तसंच वाटलं.

चित्रात बायकांचा हॉल होता. इथे लग्नात बायकांचा समारंभ वेगळा असतो आणि दारातच सगळ्यांचे फोन काढून घेतात. आतल्या नटलेल्या बायकांचा फोटो परक्या पुरुषाच्या हाती लागायला नको, म्हणून. या मुलीनं सगळ्या बायका पाठमोऱ्या काढल्या होत्या. एकीचाही चेहरा नाही.

पहिला संशय तिच्या हातावर. चेहरे जमत नसणार, म्हणून रीतीचा आडोसा. मी तिला शेजारच्या मैत्रिणीचा चेहरा काढायला लावला. तिनं तो इतका हुबेहूब काढला की मीच खजील झाले. मग संशय गेला घरच्यांवर. कुणी दम दिला असेल. विचारलं तर म्हणाली, "नो मिस, कुणी काही बोललं नाही. लग्नातलं बाहेर दाखवायचं नसतं, एवढंच." इतकं सहज बोलली की माझा संशय आणखीच बळावला. या वयाच्या मुलीला नियम जाचू नये, हे काही माझ्या पचनी पडेना.

शाळेचं प्रदर्शन जवळ आलं होतं. सकाळी आया येणार, संध्याकाळी वडील आणि भाऊ. आमच्या विभागप्रमुख बाई लेबनीज. त्यांना चित्र दाखवलं तर त्या गोड हसून म्हणाल्या, "नो प्रॉब्लेम, इन्शाल्ला." ते इन्शाल्ला मला मुळीच आवडलं नाही. माझं काँट्रॅक्ट त्याच महिन्यात रिन्यू व्हायचं होतं. तक्रार आलीच तर बळीचा बकरा कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. तरी चित्र मी दर्शनी भिंतीवर लावलं. इतक्या वर्षांत माझ्या वर्गातून असं चित्र निघालं नव्हतं. ते उतरवावं लागू नये, एवढंच मला मनापासून वाटत होतं.

सकाळी मुलीबरोबर तिची आई आली. चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. आणि मग ती हसायलाच लागली.

"ही माझी बहीण, कायम एक खांदा पाडून उभी राहते. ही सासूबाई. ही नणंद, नाचताना सारखी ड्रेस सावरते."

बाजूच्या आयाही पुढे सरकल्या आणि पटापट नावं घ्यायला लागल्या. तेव्हा मात्र तिचं हसू मावळलं.

"मिस, संध्याकाळी यांचे नवरे येतील. बायकांनी ओळखलंय, म्हणजे त्यांनाही कळणार. हे मी घरी नेते."

नियम एकही मोडला नव्हता, तरी चित्र खाली उतरलं. मला फार वाईट वाटलं. चेहरे काढले असते तर निदान कारण तरी समजलं असतं. मुलीकडे पाहिलं, तर तिला आनंद लपवता येत नव्हता. हिला आधीपासून हेच हवं होतं की काय, अशी शंका आलीच.

"पण ही आमच्यातली नाही," आई चित्राच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली. तिथे दारात एक बाई फोन गोळा करत उभी होती. कमरेवर हात, मान पुढे काढलेली, आणि एका पाहुणीच्या पर्समध्ये डोकावत होती.

"बघू," म्हणत मी कमरेवर हात ठेवून, मान पुढे काढून पाहायला लागले.

आईनं चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पदर तोंडावर घ्यावा तसा डोक्यावरचा शेला ओढून घेतला.

"सॉरी, मिस," मुलगी हळूच म्हणाली, "पण दारात दुसरं कुणाला उभं करणार?"