वारं कुठून शिरलं

दुपारची झाकपाक करून द्वारकाबाई आडव्या होतात. खिडकी बंद, पंखा बंद, गळ्याला मफलर. नवरा, यशवंतराव, गेल्यापासून घरात वारं येऊ द्यायचं नाही, असा नणंदेचा, म्हणजे वन्संचा, शिरस्ता. त्यांच्या अंगावरून वारं गेलं ते द्वारकेने दवाखान्याची खिडकी उघडली म्हणून, असं वन्संनी तेराव्याला चारचौघांत सांगितलं आणि पुढे येईल त्या पाहुण्याला.

डोळा लागतो न लागतो तोच कुणीतरी पंप मारू लागतं. फुस्स, फुस्स. उंबऱ्यापलीकडे यशवंतरावांचं सायकलचं दुकान आहे. पण आढ्याला टायरांऐवजी सलाईनच्या बाटल्या लोंबताहेत, आणि ते स्वतः खाटेवर ताठ बसलेत. मानेच्या शिरेत सलाईनची नळी, हातात चहाची बशी.

"आज घरी सोडणार म्हणाले ना?" बाई विचारतात.

"सोडलंच की," ते म्हणतात.

त्या दिवशीचीच नर्स त्याच घाईत येते. बसा तसेच आजोबा, चहा प्या, म्हणते आणि नळी ओढते. मानेत बारीक आवाज होतो. पंक्चरसारखाच, पण उलटा, आत जाणारा. बशी कलंडते. उजवा हात मांडीवर लुळा पडतो.

"आडवं निजवून, श्वास धरायला लावून काढायची असते ही," यशवंतराव शांतपणे सांगतात. "बसल्या माणसाची शीर हवा ओढून घेते. जन्मभर गावाच्या ट्यूबा भरल्या मी. माझी भरली ती अशी."

दाराशी डॉक्टर पुटपुटताहेत, शिरेत हवा गेली. वन्सं हंबरडा फोडतात, अंगावरून वारं गेलं हो! डॉक्टर मान डोलावतात. त्यांना ते सोयीचंच पडतं.

"आणि माझी खिडकी?"

"तिच्यातून भज्यांचा वास आला. बाकी काही नाही."

"मग इतकी वर्षं वन्संना मला बोल लावू दिलात? एकदा येऊन सांगायचं होतं."

"कुठून येऊ?" ते डाव्या हाताने, काळ्या वंगणाच्या बोटांनी, कडी चाचपतात. "बंद करून बसली होतीस."

बाई जाग्या होतात. खिडकी सताड उघडी आहे. कडीवर वंगणाचा अंगठा उमटलाय, अजून ओला.

"द्वारका, वारं येतंय गं," पलीकडच्या खोलीतून वन्सं ओरडतात. "लाव ती."

द्वारकाबाई गळ्याचा मफलर सोडतात आणि त्याची घडी घालून उशाशी ठेवतात.

"येऊ द्या, वन्सं," त्या म्हणतात. "ह्या वाऱ्याने कुणी मेलेलं नाही."