कवळीकरांची होडी

दातांच्या दवाखान्यामागच्या अरुंद खोलीत ते कवळ्या बनवायचे. प्लास्टरचे साचे, वितळलेल्या मेणाचा वास, घासायच्या चाकाची घरघर. दवाखान्यात कोणीतरी गमतीने त्यांना कवळीकर म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. बोलणं बेताचं. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडाचं काम केल्यावर स्वतःचं तोंड उघडायचा त्यांना कंटाळा येत असावा.

लग्नाआधीच त्यांनी एक जुनी शिडाची होडी घेतली होती. आत दोघं झोपतील एवढी केबिन, एक स्टोव्ह, अडीनडीला छोटं इंजिन, आणि कितीही पुसली तरी न जाणारी ओल. रविवारी क्लबची रेस असायची. बायको होडीवर एकदाच आली. उलट्या करून बेजार झाली आणि धक्क्यावर पाय टेकताच म्हणाली, "ही माझी सवत तुलाच लखलाभ!" सगळे हसले. कवळीकरही हसले.

जावई दर रविवारी जातो तरी कुठे, हे बघायला सासरे आले. त्यांना सगळे अप्पा म्हणायचे. लिफ्ट दुरुस्त करण्यात उभा जन्म गेलेला, नुकतेच निवृत्त झालेले. बघायला म्हणून आले ते राहिलेच.

"जावईबापू, दोर दिसला की माझ्या हाताला काही सांगावं लागत नाही," ते म्हणाले.

तेव्हापासून कवळीकर सुकाणूवर आणि अप्पा पुढच्या शिडाच्या दोरावर. जोराचा वारा असला की त्यांचा नंबर मागून पहिला. पण वारा पडला, मोठ्या होड्या जागच्या जागी डुलायला लागल्या, की त्यांची हलकी होडी हळूच सगळ्यांना मागे टाकायची. "बोलू नका, तिची तंद्री मोडेल," अप्पा कुजबुजायचे. सुट्टीत दोघं किनारा धरून दूरवर जायचे, दिवस कलला की एखाद्या खाडीत नांगर टाकायचे. स्टोव्हवर डाळ-भात शिजायचा. अप्पा बोलायचे, कवळीकर ऐकायचे. तेवढ्या दिवसांत त्यांच्या कपाळावरची आठी जरा सैल व्हायची.

घरी मात्र ती सैल होत नव्हती. भांडणं नव्हती. भांडायलाही दोन माणसं लागतात, आणि घरात असून नसल्यासारख्या माणसाशी भांडणार कसं? काही वर्षांनी बायकोने शांतपणे घटस्फोट मागितला. कवळीकरांनी तितक्याच शांतपणे सही केली.

त्यानंतरच्या रविवारी ते एकटेच क्लबवर गेले. अप्पा धक्क्यावर थर्मास घेऊन बसले होते.

"अप्पा, तुम्ही?"

"घटस्फोट तुमचा झालाय, माझा नाही. चला, उशीर होतोय." होडीत उतरता उतरता ते थबकले. "आता जावईबापू म्हणायची सोय राहिली नाही. काय म्हणू?"

कवळीकरांनी धक्क्याचा दोर सोडला. त्या दिवसापासून अप्पा त्यांना काहीच म्हणेनासे झाले. नुसतं "अहो" म्हणून काम भागवायचे.

अप्पांच्या लेकीला हे पसंत नव्हतं, पण तिने कानाडोळा केला. पुढे तिने दुसरं लग्न केलं. नवा जावई भला होता, हौसेने रविवारी सगळ्यांना जेवायला बसवायचा. अप्पांची ओढाताण व्हायला लागली. कधी उशिरा यायचे, कधी यायचेच नाहीत. कवळीकरांनी एका शब्दाने विचारलं नाही.

मोसमाच्या शेवटच्या रेसला मात्र अप्पा वेळेवर आले. वारा अगदी मंद होता. शेवटच्या बोयाला, म्हणजे जिला वळसा घालायचा त्या तरंगत्या खुणेला, त्यांची होडी सगळ्यांच्या पुढे होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"सोडा!" कवळीकर ओरडले. होडी वळवताना शिडाचा दोर एका बाजूने सोडून दुसऱ्या बाजूने ओढायचा असतो. अप्पांनी सोडला, पण ओढला नाही. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले होते, परक्याच्या हाताकडे बघावं तसे. ओठांचा एक कोपरा खाली ओघळला होता.

शीड फडफडत राहिलं. कवळीकरांनी इंजिन सुरू केलं आणि होडी सरळ धक्क्याकडे घेतली.

हॉस्पिटलमध्ये नर्सने विचारलं, "पेशंटचे तुम्ही कोण?"

मावस, चुलत, आते, मामे, आपल्याकडे नात्याच्या नात्यालाही शब्द आहे. कवळीकरांना त्यातला एकही सापडेना.

"होडीवर बरोबर असतो," ते म्हणाले.

"मग घरच्यांना बोलवा."

लेक आली. तिने आरडाओरडा केला नाही. व्हरांड्यात ती एवढंच म्हणाली, "मला एक रविवार दिला नाहीस कधी. त्यांना सगळे दिलेस."

अप्पा वाचले, पण उजवं अंग गेलं आणि वाचाही जवळजवळ गेली. कवळीकर एकदा त्यांना भेटायला गेले. अप्पा त्यांच्याकडे बघून रडायला लागले, थांबेचनात. दारापर्यंत सोडायला आलेली लेक म्हणाली, "तुझ्यावर राग नाही आता. पण तू येऊन गेलास की ते जेवत नाहीत. नको येऊस."

ते गेले नाहीत. क्लबने त्यांना जोडीदार म्हणून बँकेतल्या एक बाई दिल्या. चपळ, हुशार. दोघं मधल्या नंबरात यायला लागले. एकदा तर तिसरे आले. बाईंनी टाळ्या वाजवल्या. कवळीकरांनी मान हलवली आणि शिडाची घडी घालायला लागले.

थंडीत लेकीचा फोन आला. "अप्पा गेले. सकाळी."

"हं."

"एकच शब्द यायचा त्यांना. वारा, वारा करायचे सारखे. मी पंखा लावायचे. ऐन थंडीतसुद्धा लावायचे. तरी म्हणायचेच. मला वाटायचं, घुसमटतंय त्यांना."

तो वारा पंख्याचा नव्हता, हे कवळीकरांना सांगावंसं वाटलं, पण आता सांगून तिच्या जिवाला आणखी घोर कशाला?

"बरं केलंस," ते म्हणाले.

त्या रविवारी ते क्लबवर गेले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी गेले. बाईंनी विचारलं, "बरं नव्हतं का?" ते म्हणाले, "घरचं माणूस गेलं." मग त्यांनी सुकाणू धरलं आणि ओळीत उभ्या राहिलेल्या होड्यांच्या मागे आपली होडी नेली.